बोट जुळत नाही

गेल्या नोव्हेंबरात तात्यांना घेऊन मी त्यांच्या पेन्शनसाठी दरवर्षी लागणारा हयातीचा दाखला काढायला गेले होते. तात्या आमचे शेजारी. नाते रक्ताचे नाही, पण मी या पेठेत सून म्हणून आले तेव्हापासून ते मला ‘सूनबाई’ म्हणतात, आणि त्यांची दोन्ही मुले पोटासाठी पुण्याकडे गेल्यापासून त्यांची बँकेची, दवाखान्याची, कागदपत्रांची कामे आपसूक आमच्या घराकडे आली आहेत. केंद्र म्हणजे रस्त्याकडेचा एक गाळा होता. आत लॅमिनेशनच्या गरम प्लॅस्टिकचा वास, भिंतीला लावलेल्या खुर्च्या, दाराबाहेर गेलेली रांग आणि टेबलावर तळहातात मावेल एवढे ते यंत्र. त्याच्या काचेखाली तांबडा दिवा लागत होता. संगणकासमोरची मुलगी सकाळपासून तेच काम करून दमलेली होती, पण तिच्या बोलण्यात उर्मटपणा अजिबात नव्हता, हे आधीच सांगायला हवे. तिने तात्यांचा अंगठा काचेवर ठेवला आणि वरून स्वतःच्या बोटाने दाबून धरला. पडद्यावर काहीतरी इंग्रजीत उमटले. तिने काच पुसली. तात्यांनी रुमालाने अंगठा पुसला. मग ती म्हणाली, “काका, बोट जरा केसांतून फिरवा, तेल लागलं की येतं कधी कधी.” तात्यांनी टोपी काढून काखेत धरली, उरलेल्या पांढऱ्या केसांतून बोट फिरवले, कपाळावर घासले आणि पुन्हा काचेवर ठेवले. तर्जनी झाली, मधले बोट झाले, डावा हात झाला. शेवटी तिने मान हलवली. “बोट जुळत नाही, काका. नंतर या एकदा.” तात्यांनी टोपी डोक्यावर ठेवली, मागे वळून रांगेतल्या माणसांना हात जोडले आणि म्हणाले, “माफ करा मंडळी, माझ्यामुळं तुमचा खोळंबा झाला.”

ते वाक्य माझ्या मनातून जायला तयार नाही.

काम न होता परत यावे लागणे, याचे मला विशेष काही वाटले नव्हते. सर्व्हर बंद असतो, लिंक मिळत नाही, साहेब मीटिंगला गेलेले असतात, आणि आपण पिशवीतली कागदपत्रे पुन्हा नीट घडी करून घरी येतो. ही सवय आता अंगवळणी पडली आहे. मला खुपले ते तात्यांचे हात जोडणे. कारण तात्यांचा आवाज मला ठाऊक आहे. कोल्हापुरातल्या टोलच्या आंदोलनात ‘टोल देणार नाही’ म्हणत जे हजारो लोक रस्त्यावर उतरले आणि शेवटी टोल घालवूनच थांबले, त्यांत तात्या होते. ईपीएस-९५, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेच्या पेन्शनरांचा मोर्चा निघतो तेव्हा ते पहिल्या फळीत असतात. किमान पेन्शन ७,५०० रुपये करा आणि तिला महागाई भत्ता जोडा, ही मागणी ते नागाळा पार्कातल्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या दाराशी अशा आवाजात मांडतात की शेजारी उभ्या पोलिसानेही मान वर करून पाहावे. आमच्या गल्लीत पाणी आले नाही तर वॉर्ड ऑफिसला पहिला फोन त्यांचा जातो. असा माणूस एका लहानशा काचेपुढे उभा राहिल्यावर अनोळखी लोकांची माफी का मागतो, हे मला कळेना, आणि कळेना म्हणून मी त्याचाच विचार करत राहिले.

तात्यांचे हात मी जवळून पाहिले आहेत. ते मोल्डर होते. आधी उद्यमनगरातल्या एका छोट्या फौंड्रीत, नंतर शिरोलीच्या एमआयडीसीत, असे त्यांचे सगळे कामाचे आयुष्य काळ्या वाळूत गेले. कोल्हापूर म्हटले की बाहेरच्या माणसाला अंबाबाई, तांबडा-पांढरा आणि चप्पल आठवते. पण या शहराचे पोट कितीतरी वर्षे ओतकामावर भरलेले आहे. उसाच्या चरकांपासून ऑईल इंजिनांपर्यंत आणि आता गाड्यांच्या सुट्या भागांपर्यंत कितीतरी वस्तू इथल्या भट्ट्यांतून निघाल्या. साच्याच्या वाळूत बेंटोनाइट आणि कोळशाची पूड घालून ती पाण्याने भिजवतात. ती बरोबर झाली की नाही हे पूर्वी हातानेच पाहायचे. तात्यांनी मला एकदा अंगणात कुंडीतली माती घेऊन ते करून दाखवले होते. वाळू मुठीत घ्यायची आणि घट्ट दाबायची. मूठ उघडली की तळव्याच्या रेषा त्या गोळ्यावर स्पष्ट उमटल्या पाहिजेत, आणि गोळा मधोमध मोडला की कड भुरभुरता कामा नये. मग साचा ठोकून भरायचा, नमुना हलक्या हाताने उचलायचा, आणि जिथे कड ढासळली असेल तिथे बोटाच्या टोकाने ती पुन्हा बांधायची. हे काम हातमोजे घालून होत नाही असे ते म्हणतात, कारण कड कुठे कच्ची आहे ते बोटाच्या कातडीलाच कळते. दिवसभर अशा कडा बांधायच्या आणि मग १३०० ते १४०० अंशांचा लोखंडाचा रस त्या साच्यांत ओतायचा. वाळूवर रोज हाताचा ठसा उमटवणाऱ्या माणसाच्या बोटावरचा ठसा त्याच वाळूने वर्षानुवर्षे घासून काढला.

२०१९ च्या महापुरात याच हातांना मी वेगळ्या कामात पाहिले होते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फुटांची. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेले. चिखली, आंबेवाडीकडची माणसे होडीतून बाहेर काढून शहरात आणली जात होती आणि आमच्या पेठेतल्या तालमीत दोन वेळचा भात शिजत होता. हायवे बंद, पेट्रोल नाही, भाजी नाही, नळाला पाणी नाही, आणि तरीही कुणाच्या घरातून तांदूळ, कुणाच्या घरातून शेंगदाणे, कुणाच्या घरातून चपात्यांचा डबा येत होता. चुलाणावरचे मोठे पातेले उतरवायला पोरे फडकी शोधत होती, तेवढ्यात तात्यांनी नुसत्या हातांनी कडा धरल्या आणि पातेले खाली ठेवले. भाजत नाही का, असे मी विचारले तर त्यांनी बोटे पुढे केली. ती गुळगुळीत आणि टणक होती, जुन्या भाजल्याच्या पांढुरक्या खुणांनी भरलेली. त्या आठवड्यात तालमीत जेवायला आलेल्या कुणालाही नाव, गाव, आधार क्रमांक विचारलेला मी ऐकला नाही. भूक लागलेली आहे एवढे दिसत होते आणि तेवढे पुरेसे होते. सरकारला असे वागता येणार नाही, हे मला मान्य आहे. सार्वजनिक पैशाला हिशेब हवा, खोटी नावे नकोत, मेलेल्या माणसाच्या नावावर कुणी पेन्शन उचलू नये. पण हिशेब ठेवण्यासाठी जिवंत माणसाला खाली मान घालायला लावणे भाग आहे का, हा माझा प्रश्न आहे.

आणि हा सगळा खटाटोप किती पैशांसाठी, तेही सांगितले पाहिजे. कर्मचारी पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ ला सुरू झाली. कामगाराच्या नावे मालक जो भविष्य निर्वाह निधी भरतो त्यातून पगाराच्या ८.३३ टक्के एवढी रक्कम या योजनेत जाते, आणि पेन्शनचे सूत्र असे की पेन्शनपात्र पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणायचे आणि ७० ने भागायचे. पगार कितीही असो, योजनेसाठी धरायची कमाल रक्कम अनेक वर्षे ६,५०० रुपयेच होती. सप्टेंबर २०१४ मध्ये ती १५,००० झाली आणि त्याच वेळी किमान पेन्शन १,००० रुपये ठरली. तात्या त्याआधीच निवृत्त झालेले. उभे आयुष्य भट्टीपुढे काढून त्यांच्या हातात दोन हजारांच्या आतली रक्कम पडते, आणि तिला महागाई भत्ता नाही. त्यात त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या येतात, थोडे दूध येते, आणि त्यातूनच ते तालमीची वर्गणी न चुकता देतात. मुले पैसे पाठवतात, कमी काही पडू देत नाहीत. तरी पेन्शनचा मेसेज आला की तात्या फोन घेऊन आमच्या दारात येतात आणि मला तो मोठ्याने वाचायला लावतात. ते पैसे त्यांचे आहेत. दुसऱ्या कुणी दिलेले नाहीत.

पूर्वी हे काम कसे होत असे, ते मी आमच्या घरात पाहिले आहे. माझे मामंजी प्राथमिक शिक्षक होते. नोव्हेंबर लागला की ते इस्त्रीचा सदरा घालत, कोट चढवत आणि बँकेत जात. तिथले साहेब चष्म्यावरून बघत, “काय गुरुजी, बरं आहे ना?” असे विचारत आणि फॉर्मवर सही करत. मामंजी येताना मिसळ खाऊन येत आणि कोण कोण भेटले, कोण गेले, कुणाच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले, हे रात्री जेवताना सांगत. त्या दिवसाची ते वाट बघत असत असे मला आता वाटते. पण त्या काळाची फार ओढ लागू देण्यातही अर्थ नाही. मामंजींना अर्धांगाचा झटका आला त्या वर्षी आम्ही त्यांना रिक्षातून बँकेपर्यंत नेले; साहेब खाली उतरून रिक्षाशी आले, त्यांचा हात हातात घेतला आणि तिथेच सही केली. पुढच्या वर्षी साहेब बदलले होते. नव्या साहेबांनी नियम वर आणण्याचा आहे म्हणून सांगितले, आणि माझ्या नवऱ्याने व दिराने मामंजींना खुर्चीत बसवून जिन्यावरून वर नेले. ते पूर्ण वेळ डोळे मिटून होते. माणसाच्या भल्याबुऱ्यावर सोपवलेली व्यवस्था अशी असते. म्हणून २०१४ च्या नोव्हेंबरात डिजिटल दाखला आला तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता, आणि आजही माझ्या मावशीसारख्या कितीतरी बायका घरी बसून पाच मिनिटांत हे काम उरकतात, ते चांगलेच आहे. ईपीएसच्या पेन्शनरांना तर आता नोव्हेंबरचेही बंधन नाही. वर्षात केव्हाही दाखला द्यावा, तो तिथून पुढे वर्षभर चालतो. तात्या मात्र जुन्या सवयीने नोव्हेंबरातच जातात.

अडचण अशी की हे यंत्र ज्या बोटाच्या भरवशावर बनवले गेले, ते बोट कुणाचे, याचा विचार पुरता झाला नाही. काचेवर बोट टेकते तेव्हा कातडीवरचे उंचवटे काचेला चिकटतात आणि मधल्या खाचा सुटून राहतात. त्या फरकातून ठशाचे चित्र तयार होते. म्हातारपणी कातडी कोरडी आणि सैल होते, घाम कमी येतो, आणि चित्र पुसट निघते. केसांतले तेल लावायला सांगणारी ती मुलगी अनुभवातून हेच शिकली होती. त्यात ज्याने वाळू, सिमेंट, चुना, सोडा यांत हात घातलेले आहेत, त्याचे उंचवटेच उरलेले नसतात. म्हणजे ज्यांनी हाताने सगळ्यांत जास्त काम केले, त्यांनाच हाताने ओळख पटवणे सगळ्यांत अवघड झाले आहे. ही गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती असे म्हणता येणार नाही. आधारच्या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ ला दिला. ठसे न जुळल्याने म्हातारी आणि कष्टकरी माणसे हक्काच्या लाभांतून बाहेर पडतात, हा मुद्दा त्या खटल्यातही मांडला गेला होता. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आली; त्याच्या वर्षभर आधीपासून पोस्टमन ७० रुपयांत घरी येऊन दाखला करून देत होता. पर्याय आहेत. मात्र त्या गाळ्यात तात्यांना त्यांतला एकही पर्याय कुणी सांगितला नाही. मला तरी तो कुठून ठाऊक असणार? “नंतर या” एवढेच आम्ही ऐकले.

या “नंतर या” वर मी पुष्कळ विचार केला. आपल्याकडे मोर्चा निघतो तेव्हा शेवटी निवेदन दिले जाते, आणि निवेदन दिल्यावर पुढारी पहिली गोष्ट कोणती करतो? दुसऱ्या प्रतीवर पोच घेतो. आवक क्रमांक, तारीख, शिक्का, सही. तात्यांच्या ट्रंकेत अशा पोचांची एक अख्खी फाईल आहे. टोलची आहे, पाण्याची आहे, पेन्शनची तर आहेच. मागणी मान्य झाली नसेल, पण आपण गेलो होतो, सांगितले होते, आणि समोरच्याने ते घेतले होते, याचा तो पुरावा असतो. राज्याच्या सेवांना २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. त्यात अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावे लागते, आणि वर अपील कुणाकडे करायचे तेही भिंतीवरच्या फलकावर लिहिलेले असते. तात्यांच्या पेन्शनचा कारभार केंद्र सरकारचा, त्याला हा कायदा लागू नाही. त्या काचेवर बोट ठेवून ते परत फिरले त्याची नोंद तात्यांच्या हातात कुठलीच आली नाही. कागदोपत्री तात्या त्या दिवशी तिथे गेलेच नव्हते. उद्या पेन्शन थांबली असती तर ‘पेन्शनरने दाखला सादर केला नाही’ असेच म्हटले गेले असते, आणि ते वाक्य नियमाप्रमाणे खरेही ठरले असते. यंत्राला ओळखता आले नाही, हे कुठेच लिहिले जात नाही. मग चूक उरते ती माणसाकडे, आणि साधा माणूस ती मुकाट्याने स्वतःच्या अंगावर घेतो. तात्यांनी हात जोडले ते यामुळे, असे मला वाटते. मोर्चात त्यांची मागणी हजार जणांची असते. तिथे गाळ्यात त्यांच्याकडे मागणी नव्हती, फक्त एक न चालणारे बोट होते, आणि मागे खोळंबलेली माणसे होती.

घरी येताना ते रिक्षात एक शब्द बोलले नाहीत. रंकाळ्याच्या बाजूने वारा येत होता. मधेच उजव्या हाताचा अंगठा त्यांनी डोळ्यांसमोर धरून पाहिला आणि मग हात मांडीखाली ठेवून दिला.

त्यानंतर काही दिवसांनी तालमीत बैठक होती. खरे तर विषय दुसराच होता, पण तात्यांचा किस्सा मी तिथे सांगितला. तात्यांना आवडणार नाही अशी धाकधूक होती. झाले वेगळेच. मागे बसलेले एक गवंडी मामा म्हणाले, “माझं तर कधीच येत न्हाई वो.” हुपरीत चांदीच्या दागिन्यांना पॉलिश करणारे एक जण होते, त्यांनी आपली बोटे वर करून दाखवली. शाहू मिलमध्ये धाग्यावर काम केलेले एक आजोबा होते, त्यांचेही तसेच. धुण्याभांड्याची कामे करणाऱ्या दोघी दाराशी उभ्या होत्या. एकीने सांगितले की रेशन दुकानात तिच्या जागी नातवाचा अंगठा लावावा लागतो. माणसे एकमेकांची बोटे हातात घेऊन पाहू लागली, कुणाची किती गुळगुळीत याची तुलना सुरू झाली, हसू झाले, आणि त्या हसण्यात मी तात्यांचा चेहरा पाहत होते. तो मोकळा झाला. “म्हणजे माझं एकट्याचं न्हाई तर,” असे ते स्वतःशीच म्हणाले आणि मग नेहमीच्या आवाजात त्यांनी चहा सांगितला.

कोल्हापूरला एकत्र येणे जमते, हे मला या शहरात आल्यापासून दिसत आले आहे. ६ मे २०२२ ला राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षे झाली तेव्हा सकाळी सगळे शहर १०० सेकंद जागच्या जागी उभे राहिले. मी तेव्हा भाजी घेत होते. भाजीवाली तराजू खाली ठेवून उभी राहिली, दुचाकीवाल्याने इंजिन बंद केले, कडेला एक शाळकरी मुलगा आईचा हात धरून ताठ उभा होता. तात्यांचे वडील शाहू महाराजांनी १९०६ मध्ये पायाभरणी केलेल्या मिलमध्ये कामाला होते. त्या दिवशी तात्या घरासमोर टोपी हातात घेऊन उभे होते असे मला नंतर कळले. उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठीही या शहराने वर्षानुवर्षे उपोषणे, मोर्चे, बंद केले आणि अखेर १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंचचे कामकाज इथे सुरू झाले. मोठ्या मागणीसाठी आपण चाळीस वर्षे चिकाटी धरू शकतो. लहान खिडकीशी मात्र प्रत्येकाला एकट्याने उभे राहावे लागते आणि तिथे आपले सगळे बळ गळून जाते. आपण हे दोन वेगळे प्रश्न मानतो, इथेच आपले चुकते, असे माझे मत झाले आहे. खिडकीशी जे होते तेही सार्वजनिकच आहे.

तालमीने मग फोनवर चेहऱ्यावरून दाखले काढण्याचे शिबिर घेतले. कॅरमचे टेबल भिंतीला लावले, हौद्यातल्या तांबड्या मातीचा तेल-ताकाचा वास सगळ्या खोलीत होता, आणि इंजिनिअरिंगला असलेली तीन-चार मुले आपापले फोन घेऊन खिडकीच्या उजेडात बसली. तात्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. फोनने आधी चष्मा काढायला लावला, मग डोळ्यांची उघडझाप करायला सांगितली. “तात्या, टोपी असू दे, फक्त सरळ बघा,” असे तो मुलगा हळू आवाजात सांगत होता आणि एका हाताने त्यांची हनुवटी किंचित वर करत होता. चौकट हिरवी झाली. मेसेज आला. तात्यांनी तो मला न देता त्या मुलाकडूनच मोठ्याने वाचून घेतला. रांगेतल्या एका बाईंचे काम झाले नाही, कारण नवऱ्याच्या पेन्शनच्या कागदावर आणि आधारवर त्यांचे नाव दोन तऱ्हांनी लिहिलेले होते; त्या मुलाने कुठे कोणता अर्ज करायचा ते कागदावर लिहून दिले. मला आनंद झाला आणि त्याच वेळी रागही आला. ही मुले कुणाची नोकर नाहीत. त्यांची परीक्षा तोंडावर होती. जे काम ज्या कार्यालयाचे, ते तिथे न होता तालमीत होते, आणि आपण ते इतके छान पार पाडतो की कार्यालयाला त्याची उणीव जाणवतच नाही. महापुरातही तेच झाले होते. आपल्या चांगुलपणामुळे कुणाची जबाबदारी सुटता कामा नये, हे मी त्या दिवशी बैठकीत बोलून दाखवले आणि ते सगळ्यांना पटले असे नाही. काही जण म्हणाले, “काम झालं न्हवं? मग जाऊ द्या की.”

तात्यांनी मात्र ते जाऊ दिले नाही. या नोव्हेंबरच्या शिबिरासाठी त्यांनी एक फुलस्केप वही आणून दिली आहे आणि तिच्यात रकाने मीच आखले आहेत: नाव, पूर्वीचे काम, कोणत्या तारखेला कुठे गेले, कोणते बोट चालले नाही, काय सांगून परत पाठवले. केंद्रावर नापास झालेल्या प्रत्येक प्रयत्नाची छापील चिठ्ठी मिळावी, आणि यंत्र नाही म्हणाले तर माणूस समोर पाहून सही करण्याचा अधिकार तिथल्या कुणाला तरी असावा, या दोन मागण्यांचे निवेदन त्या वहीच्या आधारे तयार करायचे आहे. आपला मोर्चा पेन्शनवाढीचा आहे, त्यात हा विषय घालू नये, मूळ मागणी पातळ होते, असे संघटनेतल्या काहींचे म्हणणे आहे. त्यावर अजून वाद चालू आहे. वही भरायला पेठेतल्या गल्ल्या वाटून घेतल्या आहेत. माझ्या वाट्याला मागची गल्ली आली आहे. तिथे दोन घरांत वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेली माणसे आहेत, त्यांच्याकडे पोस्टमनलाच बोलवावे लागेल. उरलेल्या घरांत दुपारी चारनंतर गेले तर बायका कामावरून परत आलेल्या असतात. तात्या बरोबर येणार आहेत. निवेदनाच्या दोन प्रती काढायच्या, हे त्यांनी आताच बजावून ठेवले आहे.